तुम्ही विचारलंत म्हणून: बायबलमधला मथुशलह खरंच ९६९ वर्षं जगला का?

हे विचारणाऱ्याला दुसराही प्रश्न असतोच: जगला असेल, तर त्यातून आम्ही काय घ्यायचं?

आधी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा ५वा अध्याय कागद-पेन्सिल घेऊन वाचा. प्रत्येक पूर्वजापुढे तीन आकडे मांडा: मुलगा झाला तेव्हाचं वय, त्यानंतरची वर्षं, एकूण आयुष्य. ही वर्षं म्हणजे महिने असावेत, असा तोडगा बरेच जण काढतात. ९६९ला १२नं भागलं की जेमतेम ८१ येतात, आणि पटतं. पण महललेलला ६५व्या वर्षी यारेद झाला. तेही १२नं भागा. बाप साडेपाच वर्षांचासुद्धा होत नाही! म्हणून आकडे आहेत तसेच वाचावेत.

मथुशलहला १८७व्या वर्षी लामेख झाला, लामेखला १८२व्या वर्षी नोहा, आणि नोहाच्या ६००व्या वर्षी जलप्रलय आला. बेरीज ९६९. म्हणजे मथुशलह प्रलयाच्याच वर्षी गेला. हा हिशेब बायबलच्या मूळ हिब्रू पाठाचा आहे. शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या पाठात त्याचं आयुष्य ७२० वर्षांचं आहे, ग्रीक पाठातही आकडे बदलतात. सरमिसळ केली की बेरीज बिघडते.

आता मथुशलहचा बाप हनोख पाहा. वय ३६५, त्या यादीत सगळ्यांत कमी. बाकीच्यांबद्दल ‘मुलगा झाल्यावर इतकी वर्षं जगला’ असं येतं. हनोखाच्या ओळीत नेमक्या त्या जागी ‘देवाबरोबर चालला’ असं आहे, तेही ३०० वर्षं. आणि ‘त्याला मुलगे व मुली झाल्या’ हे त्याच वाक्यात. घरसंसार सोडून नव्हे, लेकरं वाढवता वाढवता तो चालला. आमच्या मते अख्ख्या अध्यायातली ही सर्वांत मोलाची ओळ. ‘मग तो मरण पावला’ हे आठ वेळा येतं. हनोखाच्या वाट्याला ते येत नाही. मथुशलह त्याचाच मुलगा, पण त्याच्याविषयी वयापलीकडे एक शब्द नाही. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ याच्या ११व्या अध्यायात विश्वासाच्या माणसांत हनोख आहे, मथुशलह नाही.

पुढे आयुर्मान घटत जातं: शेम ६००, पेलेग २३९, अब्राहाम १७५. अब्राहामाचा नातू याकोब १३०व्या वर्षी मिसरच्या राजाला, फारोला, सांगतो की माझे दिवस थोडे आणि दुःखाचे गेले. त्यानंतर तो आणखी १७ वर्षं जगला. इब्रीचं पत्र त्याच्या १४७ वर्षांतला एकच प्रसंग निवडतं: मरणसमयी त्यानं आपला मुलगा योसेफ याच्या दोन्ही मुलांना आशीर्वाद दिला आणि काठीच्या टोकावर टेकून देवाला नमन केलं.