नानांची अहिराणी आणि इंटरनेट नसताना चालणारा कूलर

अमळनेरला मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत चढतो. त्यात वीज गेली की इंटरनेट हमखास जातं. नानांचे गुडघे दुखतात, रात्री कूलरसाठी त्यांना उठायला लागू नये, नुसतं बोलून तो चालू-बंद व्हावा, एवढीच गरज होती. बाजारातला स्मार्ट स्पीकर मला नको होता. घरातलं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर जाणार आणि नेट नसलं की तो मुका. शिवाय नाना बोलतात अहिराणी.

म्हणून होम असिस्टंट घेतलं, म्हणजे घरातली उपकरणं चालू-बंद करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, घरातल्याच मशीनवर चालतं. बोललेलं लिहून घ्यायला व्हिस्पर, म्हणजे ओपनएआयनं २०२२ मध्ये खुलं केलेलं मॉडेल. रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर ते चाललं, पण हुकूम दिल्यावर पंखा फिरेपर्यंत माणूस उठून बटण दाबून येईल. मग जुना आय-फाइव्ह मिनी पीसी घेतला. व्हिस्पर लहान-मोठ्या आकारांत मिळतं. त्यातलं सगळ्यात लहान 'टायनी' मराठीसाठी कामाचं नाही. 'स्मॉल' बऱ्यापैकी ऐकतं. भाषा मराठीच ठरवून द्या, नाहीतर ते हिंदी लिहून मोकळं होतं.

खरी गंमत पुढेच. नाना म्हणाले, "कूलर बंद करी टाक." व्हिस्परनं लिहिलं, "कुलर बंद करी ताक." आता यासाठी मॉडेलला अहिराणी शिकवत बसणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, आणि गरजही नव्हती. होम असिस्टंटमध्ये 'हे झालं की ते कर' असे नियम लिहिता येतात, त्यांना ऑटोमेशन म्हणतात. त्यातलं 'हे झालं की', म्हणजे ट्रिगर, एखादं बोललेलं वाक्यही असू शकतं, आणि एका नियमाला हवी तेवढी वाक्यं. त्यातलं डीबगचं, म्हणजे चुका तपासायचं, पान उघडून नानांचं बोलणं काय म्हणून ऐकलं गेलं ते बघायचं आणि ती चुकीची रूपंच जशीच्या तशी भरायची. 'करी टाक', 'करी ताक', 'करीताक', सगळं. घरात हुकूम असतात तरी किती? हुकुमाआधी यंत्राला जागं करायला हाक मारायचा शब्द 'ओके नाबू'. नाना तो ओट्यावरच्या माणसाला बोलवावं तसा ओरडतात, पण यंत्राला ऐकू जातं.

वायरमननं कूलरला दोन रिले, म्हणजे होम असिस्टंटच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच, बसवले, एक पाण्याच्या मोटरला, एक पंख्याला. कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या भिजल्याशिवाय वारा गरमच येतो, म्हणून मोटर आधी आणि पंखा थोड्या वेळानं. माईक कूलरजवळ ठेवू नका, घरघरीत काही ऐकू येत नाही. आमचा खाटेच्या उशाशी आहे. आणि राउटर व मिनी पीसी दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. बाहेरचं नेट गेलं तरी चालतं, घरातलं वायफाय गेलं तर नाही.

गिझर मात्र मी आवाजावर दिलेला नाही. टीव्हीतल्या आवाजानंही हे यंत्र कधीकधी जागं होतं. पंखा फुकट फिरला तर बिल येईल, रिकाम्या घरात गिझर तापत राहिलेला मला नको.