सुलट, उलट आणि इंग्रजी पॅटर्न

आपल्या शाळेत विणकामाच्या तासाला टाके घालणं, सुलट, उलट, घटवणं आणि टाके बंद करणं एवढं पक्कं करून घेतलं जायचं. तेवढ्यावर बहुतेक इंग्रजी पॅटर्न, म्हणजे विणीच्या लिखित सूचना, वाचून विणता येतं. ‘के’ म्हणजे सुलट, ‘पी’ म्हणजे उलट, ‘के टू टॉग’ म्हणजे दोन टाके एकत्र सुलट. ही यादी चटकन पाठ होते. अडतं ते दुसरीकडेच.

आधी पाहावं, पॅटर्न ब्रिटिश की अमेरिकन. आपल्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नंबर वाढला की सुई जाड. आपली 8 नंबरची सुई 4 मिलिमीटरची, अमेरिकन 8 नंबरची 5 मिलिमीटरची. म्हणून नंबर सोडून मिलिमीटर वाचावेत. क्रोशात तर जास्तच जपावं: ब्रिटिशांचा डबल क्रोशे तोच अमेरिकनांचा सिंगल.

मग येतं टेन्शन, म्हणजे ठरावीक मापात किती टाके बसतात ते; अमेरिकन पॅटर्नमध्ये त्यालाच गेज म्हणतात. बाई आधी चौकोनी तुकडा विणून घ्यायच्या, तो यासाठीच. तो गाळून थेट स्वेटरची पाठ विणायला घेणं मला मुळीच पटत नाही. समजा, 10 सेंटिमीटरला 22 टाके हवेत आणि आपला हात घट्ट असल्याने 24 बसतात. मग 110 टाक्यांची पाठ 50 सेंटिमीटरऐवजी जेमतेम 46 भरते. पुढचा भागही तसाच, म्हणजे स्वेटर घेरात 8 सेंटिमीटरने तोकडा. अशा वेळी टाके सैल काढायचा प्रयत्न करू नये, चार ओळींत हात पूर्ववत होतो. सुईच जाड घ्यावी, 8 ऐवजी 7 नंबरची. तुकडा 15 सेंटिमीटरचा तरी विणावा, धुऊन सपाट वाळवावा आणि कडा सोडून मधोमध मोजावा.

‘राइट साइड’ म्हणजे सुलट बाजू, उजवी नव्हे. ‘राइट फ्रंट’ मात्र घालणाऱ्याच्या उजव्या हाताकडचा भाग.

सर्वांत जास्त उसवायला लावतात ते शब्द ‘अ‍ॅट द सेम टाइम’. व्ही गळ्यात मुंढ्याकडे टाके घटवत असतानाच गळ्याकडेही घटवायचे असतात. ओळ वाचून ओळ विणणारी आधी मुंढा पुरा करते, मग पुढचं वाक्य वाचते. तोवर गळा सुरू व्हायची जागा मागे गेलेली असते आणि खांद्याचे टाके पाठीशी जुळत नाहीत. पॅटर्न आधी शेवटपर्यंत वाचून या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी, मगच टाके घालावेत.