खोक्यावरचे वॅट आणि आतला माल
होम थिएटरचा वूफर नुसता गुरगुरायला लागला होता, म्हणून आज राजारामपुरीत दुरुस्तीवाल्या मामांकडे नेला. मागचा पत्रा खोलताच त्यांनी बोट ठेवलं: मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) टम्म फुगलेला, बुडाशी तपकिरी चिकटा. "८५ डिग्रीपर्यंतच सोसणारा हाय की. १०५ चा टाकतो, मग बघा." त्याच्या आतला द्रव उष्णतेनं आटत जातो, १० डिग्री कमी तापला तर आयुष्य साधारण दुप्पट. आणि बसवलाय कुठं, तर हीटसिंकला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला खेटून!

खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेल्या क्षणिक ताकदीचा आकडा हजारांत. आत निघाली आवाज वाढवणारी टीडीए२०३० आयसी (चिप), म्हणजे एका चॅनेलला फार तर १४ वॅटच्या आसपास. हॉलला तेवढे पुष्कळ झाले, गल्लीतल्या गणपतीच्या साऊंडशी थोडीच टक्कर द्यायची आहे? घेताना आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट बघा एवढंच.

स्वस्त सेट टाकाऊच असतो हे मला पटत नाही. ह्याचे स्पीकर अजून ठणठणीत आहेत, कारण कोनची (हलणाऱ्या पडद्याची) कड रबराची आहे. फोमची असती तर एव्हाना भुगा झाला असता. पैसे वाचवले ते नेमके कपॅसिटरमध्ये, जो बदलायला मामांनी चहाच्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेतला नाही. आता आवाज लई भारी. व्हॉल्यूमचं बटण अजून खरखरतंय, ते पुढच्या रविवारी.