माझी फाइल, तिचं नाव

मी दत्तक आहे हे मला अमुक दिवशी कळलं, असं काही झालं नाही. ते घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. पाच महिन्यांची असताना आई-बाबांनी मला संस्थेतून घरी आणलं आणि त्या तारखेला आमच्याकडे आजही श्रीखंड-पुरी होते. म्हणून ‘तुला तुझ्या खऱ्या आईला शोधावंसं वाटत नाही का?’ असं कुणी विचारलं की मला चीड येते. माझी खरी आई घरी आहे. मला हवी होती ती माझ्याबद्दलची माहिती. ती कुठल्यातरी कपाटात कागदावर लिहिलेली होती आणि मी सोडून चार अनोळखी माणसांनी ती वाचलेली होती.

पहिल्यांदा हे टोचलं लग्नाच्या वेळी. एका स्थळाकडून पत्रिका मागितली. आमच्या घरात कुणी पत्रिका बघत नाही, ते स्थळही पुढे गेलं नाही, पण जन्मवेळेचा रकाना माझ्या डोक्यातून जाईना. मी पहाटे जन्मले की भर दुपारी, हे सांगू शकेल असं माझ्या ओळखीत कुणीच नव्हतं. पुढे मला दिवस राहिले आणि पहिल्याच तपासणीला डॉक्टर विचारायला लागल्या : आईला शुगर आहे? आजीला? कुणाला थायरॉइड? घराण्यात जुळी? प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर ‘माहीत नाही’. माझं एक वेळ ठीक होतं, पण आता ते माझ्या बाळाच्या कागदांवर लिहिलं जात होतं. मुलगी वर्षाची झाली आणि मी या कामाला लागले.

जन्मदाखल्यापासून सुरुवात करावी असं कुणालाही वाटेल. पण दत्तक मुलाच्या दाखल्यावर दत्तक घेणाऱ्यांचीच नावं आईवडील म्हणून असतात. त्यात गैर काही नाही. शाळेत, पासपोर्टला कुणी खोदून विचारत नाही. मात्र तो दाखला मागचं काहीही सांगत नाही. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर मी याआधीची एखादी नोंद असेल का असं विचारलं, तर कारकून म्हणाले, “ताई, दाखला तर आहे तुमच्याकडे. आणखी काय पाहिजे?” मी पुन्हा समजावून सांगितलं. तेव्हा त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “असलं कोर्टाच्या ऑर्डरशिवाय नाही मिळत.” मी काही चोरीचं मागत नव्हते. तरी बाहेर पडताना मान खाली गेली होती, आणि ते मला फार लागलं.

घरी आल्यावर आईनं लोखंडी कपाट उघडलं. लॉकरच्या तळाशी प्लास्टिकची पिशवी होती. त्यात जिल्हा न्यायालयाचा हुकूम होता. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली संस्थेतलं मूल द्यायचं तर न्यायालयाची परवानगी लागायची, ती. त्याखाली टाइप केलेला दोन पानी ‘चाइल्ड स्टडी रिपोर्ट’. वजन किती, लसी कुठल्या, दूध किती वेळा घेते, मान धरली का, हसते का. आणि माझ्या त्याआधीच्या सगळ्यासाठी एकच ओळ : आई अविवाहित, वय १९, सामाजिक कारणांमुळे बाळ स्वेच्छेनं संस्थेकडे सोपवलं.

“आम्हालाही एवढंच दिलं होतं गं,” आई म्हणाली. “मी तेव्हा जास्त विचारलंच नाही. वाटायचं, विचारलं आणि तुला परत मागितलं तर?”

संस्थेत ती माझ्याबरोबर आली. तिथं आम्हाला चहा मिळाला, माझं आणि माझ्या मुलीचं कौतुक झालं आणि फाइलचा विषय निघताच ‘ते गोपनीय असतं’ एवढंच उत्तर मिळालं. मी नाव मागत नव्हते. जन्मवेळ, वजन, आजार, मला सोपवण्यामागचं कारण. तेही गोपनीय. आई रिक्षात बसेपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, “लेखी माग. तोंडी मागितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.”

लेखी मागायचं तर नियम काय आहे ते बघणं आलं. दत्तक प्रक्रियेवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था म्हणजे ‘कारा’, १९९० साली दिल्लीत सुरू झालेली. बाल न्याय कायदा २०१५ चा, आणि त्याखालची सध्याची दत्तक नियमावली २०२२ ची. तिच्यात मूळ शोधण्याबद्दल एक स्वतंत्र नियम आहे. कचेऱ्यांत सगळे त्याला ‘रूट सर्च’च म्हणतात. अठरा पूर्ण झालेल्या दत्तक व्यक्तीला स्वतः काराकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि कारा, राज्याची दत्तक यंत्रणा, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बाल कल्याण समिती, दत्तक संस्था या सगळ्यांनी त्याला मदत करायची आहे. बाळ सोपवताना आईवडिलांनी आपलं नाव उघड करू नका असं सांगितलं असेल, तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय ते सांगायचं नाही. दत्तक मुलाच्या हक्कानं जन्मदात्यांच्या खासगीपणाच्या हक्काला धक्का लागता कामा नये, हेही स्पष्ट लिहिलं आहे.

आणि त्यातच ते वाक्य आहे ज्यासाठी मी हा अनुभव लिहिते आहे. जन्मदात्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल कुठल्या परिस्थितीत आणि का सोपवलं, ते त्या मुलाला सांगायचं आहे. म्हणजे नकारानंतरही तुम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवता येत नाही. नाव-पत्ता तिचा आहे, तो द्यायचा की नाही हे तिनं ठरवायचं. पण मी कशी जन्मले, माझं काय झालं, हे माझंही आहे. कचेऱ्यांमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच लखोट्यात घालून वर ‘गोपनीय’ असा शिक्का मारतात. तिच्या नावाआड माझी गोष्टही कुलुपात जाते.

त्या नियमाची प्रत मी काढली, ते वाक्य पिवळ्या पेननं रंगवलं आणि पुढे प्रत्येक टेबलावर ती ठेवली. ज्यांना हे करायचं असेल त्यांनी हे नक्की करावं. अर्जाला कोर्टाच्या हुकुमाची प्रत, माझं ओळखपत्र आणि आईनं जपलेले ते दोन कागद जोडले. घरात हुकुमाची प्रत नसेल तर ज्या न्यायालयात दत्तक झालं तिथं नकलेचा अर्ज टाकता येतो; वेळ लागतो, चकरा होतात. दिल्लीहून अर्ज खाली उतरत जिल्ह्याच्या कक्षात पोचायला खूप दिवस गेले. तिथल्या मॅडम तरुण होत्या, असा अर्ज त्यांच्यासमोर पहिल्यांदाच आला होता. पण त्यांनी रंगवलेलं वाक्य माझ्यासमोर दोनदा वाचलं, माझ्या अर्जावर आवक क्रमांक घातला आणि म्हणाल्या, “मी संस्थेला पत्र काढते. उत्तर लेखीच मागवते.”

त्यानंतर संस्थेतून बोलावणं आलं. या वेळी समोर एक वयस्कर समाजसेविका होत्या, आयुष्य याच कामात गेलेलं. फाइल त्यांच्या मांडीवर होती, बंद. त्या मला अगं-तुगं करत होत्या आणि मला ते आवडलं. “तिनं तेव्हा सांगून ठेवलंय, नाव कुणाला देऊ नका,” त्या म्हणाल्या. “आता ती पन्नाशीकडे आली असेल. नवरा असेल, मुलं असतील, कदाचित सून आली असेल. आम्ही पत्र पाठवलं आणि ते मुलानं फोडलं तर? फोन केला आणि सासूनं उचलला तर? तुझं समाधान होईल बाळा, पण तिचं घर मोडेल.”

मी त्यांना सांगितलं, पत्र नको, फोन नको, गावात चौकशी तर अजिबात नको. तिला एकटीला गाठता आलं तरच विचारा. नाही जमलं तर विचारू नका, मी थांबेन. हे बोलताना माझा आवाज कापत होता, पण मी ते मनापासून बोलत होते आणि आजही तेच म्हणेन. नियमात त्रयस्थाला शोध घ्यायला मनाई आहे, आणि नेदरलँड्स किंवा स्वीडनला दत्तक गेलेल्या आणि मूळ शोधायला इथं येणाऱ्या, मराठीचा शब्दही न येणाऱ्या मुलांना तो नियम किती जाचक वाटत असेल हे मला कळतं. तरीही कुणीतरी परका माणूस जुना फोटो घेऊन एखाद्या वाडीत दारोदार विचारत फिरतोय आणि पारावर बसलेले हिशेब लावतायत, हे डोळ्यांपुढे आलं की ती मनाई का घातली असेल हेही कळतं.

आपल्याकडे ही गुप्तता बाईचा जीव वाचवण्यासाठी आली. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हा विधवांना हेच सांगितलं होतं : गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल बरोबर न्यायचं की इथं ठेवायचं ते तुम्ही ठरवा. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५ चा, तोही याच गरजेतून उभा राहिला. नाव झाकलं जाईल हा भरवसा नसता, तर त्यातल्या कितीतरी बायकांनी विहीर जवळ केली असती. आणि त्याच फुले दांपत्यानं काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला. यशवंतला जन्म देणारी कोण, हे आज सगळा महाराष्ट्र जाणतो. त्याचं नातं लपवावं लागलं नाही याचा मला खूप आधार वाटतो.

उत्तर आलं ते ऐन पावसाळ्यात. समाजसेविकाबाईंनी मला बोलावून समोर बसवून सांगितलं, मग जिल्हा कक्षामार्फत कागदही मिळाला. ती सापडली होती. कुठं, कशी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिनं भेटायला नकार दिला. नाव द्यायलाही नकार दिला. “पण उठून गेली नाही,” बाई म्हणाल्या. “मी तुझे प्रश्न वाचून दाखवले. तिनं एकेकाचं उत्तर दिलं.”

मी पहाटे जन्मले, दिवस उजाडायच्या जरा आधी. वजन दोन किलो तीनशे. तिच्या वडिलांना मधुमेह होता, त्यातच गेले. तिला स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू आहे. घराण्यात जुळी नाहीत. लग्नाचं वचन देणारा माणूस पोट दिसायला लागल्यावर गाव सोडून गेला. सहाव्या महिन्यात तिच्या आईनं तिला संस्थेत आणून सोडलं आणि गावात सांगितलं, पोरगी मावशीकडे शिवण शिकायला गेलीय. तिनं मला आठ दिवस अंगावर पाजलं. सही केल्यानंतर विचार बदलायला मुदत असते, आताच्या कायद्यात ती दोन महिन्यांची आहे. तेव्हाच्या मुदतीतही ती एकदा संस्थेत आली होती, अशी नोंद फाइलमध्ये आहे. व्हरांड्यात बसली, बाळ बरं आहे का विचारलं, आत आली नाही. परत गेली. ही नोंद माझ्या दुसऱ्या वाढदिवसाच्याही आधीपासून त्या फाइलमध्ये पडून होती.

मी खूप रडले. नकाराचं दुःख होतं, ते नाकारत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीनं घाबरून दिलेला शब्द तिला या वयात पुन्हा विचारला गेला आणि तिनं तो स्वतःच्या तोंडानं पुन्हा दिला, म्हणून मला तो मान्य करता आला. न विचारताच ‘तिला नको असेल’ असं कुणी परस्पर ठरवलं असतं, तर मी आयुष्यभर त्या कारकुनाच्या खिडकीपाशी उभी राहिले असते. म्हणून माझी मागणी आहे की शक्य तिथं तिला एकदा तरी विचारलंच पाहिजे, जपून आणि तिला एकटीला. आणि अशा बायकांनाही त्यांच्या बाजूनं निरोप ठेवायची रीतसर सोय हवी. आज अर्जाची वाट फक्त मुलांकडून निघते. ‘तिला कळव, मी बरी आहे’ एवढंच सांगायचं असलेली बाई कुठल्या कचेरीत जाणार?

आईला मी तो कागद वाचून दाखवला. पहाटेची वेळ ऐकून ती म्हणाली, “तरीच तू कायम पाचला उठायचीस, मला झोपू द्यायची नाहीस.” मग ती उठून आत गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तो कागद त्या जुन्या पिशवीत न ठेवता माझ्या हातात दिला. “हा तुझ्याकडे ठेव,” म्हणाली.

मी संस्थेला एक संमतीपत्र लिहून दिलं. तिनं पुढे कधी विचारलं तर माझं नाव, फोन, माझ्या मुलीचा फोटो, सगळं द्यायला माझी हरकत नाही. त्याची पोच घेतली आणि एक प्रत जिल्हा कक्षात दिली. फोन नंबर बदलला की दोन्हीकडे कळवते.

आता माझ्याच संस्थेतून दत्तक गेलेल्या एका मैत्रिणीचा अर्ज चालू आहे. तिला कुणी सोपवलं नव्हतं, ती एसटी स्टँडवर सापडली होती. “तुला निदान नाही म्हणणारं कुणीतरी आहे,” असं ती मला म्हणाली, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण सापडलेल्या मुलाच्या मागेही कागद असतात : पोलिसांचा पंचनामा, सापडल्याची वेळ, अंगावर काय होतं त्याचं वर्णन, पेपरात दिलेली सूचना. ते कुणाचंच गुपित नाही, आणि तिला तेही अजून दाखवलेलं नाही. सोमवारी आम्ही दोघी जिल्हा कक्षातल्या त्या मॅडमकडे जाणार आहोत, पंचनाम्याच्या प्रतीचा अर्ज लिहून तयार आहे.