कडं आत सरकलं तेव्हा

दुपारी ड्यूटीवर बसले तेव्हा हवामान रडारच्या चित्रात 75 किलोमीटरवर एक ठळक कडं होतं, 38-40 डीबीझेडचं (रडारकडे परतणाऱ्या लहरी किती जोरदार आहेत ते सांगणारं एकक). पाहणाऱ्याला वाटावं, तिथे पावसाचा जोर आहे. क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखून फिरणारी रडारची शलाका, म्हणजे लहरींचा झोत, तिथे जमिनीपासून जवळपास 1 किलोमीटर उंच असते. मी दीड अंशाचं चित्र लावलं, तर कडं 36 किलोमीटरवर आलं. उंची पुन्हा तीच. सहसंबंध गुणांक, म्हणजे शलाकेतले कण एकमेकांसारखे किती आहेत ते सांगणारा आकडा, निखळ पावसात किंवा निखळ बर्फात 0.98च्या आसपास राहतो, कड्यात तो 0.9पर्यंत घसरला होता. म्हणजे तो बर्फ वितळण्याचा थर होता. वितळू लागलेल्या हिमकणावर पाण्याचं आवरण चढतं आणि रडारला तो भलामोठा थेंब वाटतो.

खाली अजून पाऊसच होता. रात्रीत किती बर्फ साचेल हे ठरणार होतं पावसाचा बर्फ कधी होतो त्यावर, आणि ते सांगणारं माझ्याकडचं सर्वांत भरवशाचं साधन म्हणजे हे कडं. वितळताना बर्फ भोवतालच्या हवेतली उष्णता शोषतो, त्यामुळे वृष्टी टिकली की थर खाली येत जातो. कडं दर फेरीला थोडं आत सरकत होतं. मी त्याची उंची वहीत टिपत राहिले.

संध्याकाळी ते रडारपाशी येऊन विरलं. चित्र एकदम फिकं झालं, सगळीकडे 25च्या आसपास.

"मॅडम, जोर ओसरला ना?" शेजारच्या नव्या सहकाऱ्याने विचारलं.

"नाही, आता खाली बर्फ सुरू झाला असणार. जवळच्या निरीक्षकांना फोन लाव."

फोनवर उत्तर आलं: मोठाले, ओले हिमकण, गवत झाकलं गेलंय.

तेवढ्याच वस्तुमानाचा बर्फ पाण्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाइतकी शक्ती परत पाठवतो, म्हणजे सुमारे 7 डेसिबल कमी. फिकं चित्र आणि भरपूर बर्फ, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. त्या रात्री ते डोळ्यांदेखत घडत होतं, आणि मला खुर्चीतून उठवेना.

आता आकडा काढायचा होता. अमेरिकेत रडारवरून बर्फ मोजायला प्रदेशानुसार वेगळी सूत्रं वापरतात. त्यांतल्या दोन टोकांच्या सूत्रांत 25 डीबीझेड घातलं, तर एकातून ताशी 2.8 मिलिमीटर पाणी निघतं, दुसऱ्यातून 1.2. हे झालं पाणी; त्याचा थर किती जाड होईल हे आणखी निराळं. ओला बर्फ पाण्याच्या पाच-सहापट उंच साचतो, कोरडा भुसभुशीत पंधरा-वीसपट. दहापटीचा सरधोपट गुणक मला अशा रात्री अजिबात पटत नाही.

150 किलोमीटरपलीकडे तर चित्र जवळजवळ कोरं होतं. तिथे शलाका अडीच किलोमीटरच्या वर जाते आणि बुटके ढग तिच्याखाली राहतात. त्या भागासाठी रडारचा आकडा मी घेतलाच नाही, तिथल्या निरीक्षकांनी बर्फ मोजायला ठेवलेल्या फळ्यावरची मोजमापं घेतली. जवळच्या भागाची बेरीज मात्र कडं विरल्याच्या वेळेपासूनच सुरू केली. त्याआधीचं सगळं पाऊस म्हणून वेगळं काढलं.

मध्यरात्रीनंतर जवळच्या निरीक्षकांनी फळ्यावर नव्याने पडलेला 6 सेंटीमीटर बर्फ वितळवून मोजला. पाणी भरलं 4 मिलिमीटर, म्हणजे पंधरापट. हवा गार होऊन बर्फ कोरडा झाला होता. पहाटेपर्यंतच्या तासांसाठी आम्ही तोच गुणक लावला आणि साचणाऱ्या थराचा अंदाज वाढवून पाठवला.