हेडन्स रोड ते प्लाऊ लेन

सामन्याच्या दिवशी दाराला कुलूप लावताना माझे घरमालक हमखास मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नोकरीच्या निमित्ताने मी कोल्हापूरहून लंडनला गेलो आणि हेडन्स रोड स्टेशनजवळच्या त्यांच्या घरातील माडीवरची खोली भाड्याने घेतली. ते लंडनच्या बसचालकाच्या नोकरीतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. तरुणपणी याच दारातून निघाले की सातव्या मिनिटाला ते विम्बल्डन या फुटबॉल क्लबच्या प्लाऊ लेन मैदानात असत. आता मात्र साउथ विम्बल्डनच्या चौकापर्यंत चालायचे, तिथे १३१ क्रमांकाची बस धरायची, रेन्स पार्क आणि न्यू मॉल्डन मागे टाकत किंग्स्टनच्या अलीकडे किंग्जमेडो मैदानाशी उतरायचे, एवढे सगळे होईतो जवळजवळ तास जाई. वाटेत ते तक्रार करत नसत. पण उतरल्यावर पुन्हा एकदा घड्याळ पाहत.

मी शिवाजी पेठेत वाढलो. कोल्हापुरात तालीम मूळची कुस्तीची. पण याच तालमींनी आणि तरुण मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉलचे संघ उभे केले आहेत, आणि राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब किंवा आमचे शिवाजी तरुण मंडळ उतरले की त्या त्या पेठेतली माणसे हातातली कामे टाकून पायऱ्यांवर येऊन बसतात. तिथे संघ निवडायचा नसतो. ज्या गल्लीत जन्मलो त्या गल्लीचा संघ आपला असतो. त्यामुळे लंडनला पोहोचल्यावर दूरदर्शनवर दिसणाऱ्या मोठ्या क्लबांचे मला फारसे आकर्षण वाटले नाही. घरमालकांनी दुसऱ्याच आठवड्यात विचारले, शनिवारी मोकळा आहेस का, आणि मी त्यांच्याबरोबर निघालो. इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत एएफसी विम्बल्डन तेव्हा चौथ्या श्रेणीत होता. मैदानाची क्षमता पाच हजारांहून कमी, गोलमागे उभ्याने सामना पाहण्याची जागा आणि बाजूला चहाची खिडकी, हे सगळे पाहून मला पाहुणा असल्यासारखे वाटलेच नाही.

या क्लबचे मूळ १८८९ सालचे आहे आणि प्लाऊ लेनवर तो १९१२ पासून खेळत असे. पुढे हौशी खेळाडूंचा क्लब म्हणून त्याने नाव कमावले. १९६३ च्या अमॅच्युअर कप अंतिम सामन्यात एडी रेनॉल्ड्स यांनी सटन युनायटेडवर चार गोल केले, चारही डोक्याने. त्या दिवशी माझे घरमालक एकोणीस वर्षांचे होते आणि वेम्बलीच्या गर्दीत उभे होते. १९७७ मध्ये क्लबला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधील व्यावसायिक क्लबांच्या साखळीत, प्रवेश मिळाला, १९८६ मध्ये तो पहिल्या श्रेणीत पोहोचला आणि १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला १-० असे हरवून एफए कप जिंकला. लॉरी सँचेझ यांचा हेडर आणि डेव्ह बिझंट यांनी जॉन ऑल्ड्रिज यांची अडवलेली पेनल्टी या दोन गोष्टी मी त्या घरात इतक्या वेळा ऐकल्या की मी तो सामना प्रत्यक्ष पाहिला नाही हे मला कधी कधी आठवावे लागते.

१९९१ मध्ये मात्र क्लबने प्लाऊ लेन सोडले आणि तो सेलहर्स्ट पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेसचा भाडेकरू झाला. मग २८ मे २००२ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने तो सुमारे नव्वद किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स शहरात नेण्यास परवानगी दिली. चाहत्यांनी नवा क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असेही त्या अहवालात लिहिलेले होते. चाहत्यांनी अवघ्या काही आठवड्यांत तेच केले. विम्बल्डन कॉमन या माळावर खेळाडूंची खुली निवड चाचणी ठेवली, त्याला सुमारे २३० जण आले. १० जुलै २००२ रोजी सटन युनायटेडविरुद्धचा पहिला मैत्रीपूर्ण सामना या नव्या संघाने ०-४ असा गमावला आणि तो पाहायला ४,६५७ माणसे जमली. घरमालक सांगत की त्या संध्याकाळी पराभवानंतरही कोणाला घरी जावेसे वाटत नव्हते. तळच्या साखळीपासून सुरुवात करून, वाटेत सलग ७८ साखळी सामने अपराजित राहून, नऊ हंगामांत पाच बढत्या मिळवत हा क्लब २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये आला. त्याची मालकी चाहत्यांच्या ट्रस्टकडे असून प्रत्येक सभासदाला एकच मत आहे. वर्गणी काढून संघ चालवणे म्हणजे काय हे पेठेतल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही, म्हणून हा भाग मला ऐकताक्षणी कळला.

परगावच्या सामन्यांना आम्ही जमेल तेव्हा जात असू. त्यांतला एक प्रवास मी विसरू शकत नाही. १८ मे २०१६, बुधवार. बढतीच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना लँकेशायरमधील अ‍ॅक्रिंग्टन या गावात होता. चार दिवसांपूर्वी किंग्जमेडोवर टॉम बीअर या तरुण खेळाडूने इंज्युरी टाइममध्ये केलेल्या गोलमुळे आम्ही १-० ने पुढे होतो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चाहत्यांच्या बसने आम्ही निघालो. साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर, कामाचा दिवस, मोटरवेवर जागोजागी खोळंबणारी वाहतूक. तरीही बसमध्ये कोणी वैतागलेले नव्हते. माझ्या पलीकडे बसलेल्या एका आजींनी काकडीची सँडविचेस सगळ्यांत वाटली. मी घरून आणलेली भडंग पुढे केली, तेव्हा त्यांनी आधी चिमूटभर खाऊन पाहिली आणि बर्मिंगहॅम येईतो डबा रिकामा झाला.

अ‍ॅक्रिंग्टन हे पस्तीस हजारांच्या आसपास वस्तीचे जुने गिरणगाव आहे. गावावरून जाणाऱ्या रेल्वेपुलाच्या दगडी कमानी, चढावर एकाला एक लागून बांधलेली घरे आणि त्यामागे उघडे डोंगर असा तो देखावा आहे. कापडगिरण्या बंद पडलेल्या गावांवर जी एक शांतता उतरते ती मी इचलकरंजीच्या आणि सोलापूरच्या काही भागांत पाहिली आहे, आणि इथेही ती मला लगेच ओळखू आली. गावचा क्लब अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली. जुना स्टॅनली कर्जापायी १९६२ मध्ये हंगाम अर्ध्यावर टाकून लीगमधून बाहेर पडला, १९६८ मध्ये गावकऱ्यांनी तो नव्याने उभारला आणि २००६ मध्ये तो लीगमध्ये परतला. म्हणजे त्या संध्याकाळी समोरासमोर आलेले दोन्ही क्लब एकदा मरून पुन्हा जगलेले होते. शिवाय स्टॅनलीची जखम ताजी होती. अकरा दिवसांपूर्वी, साखळीच्या शेवटच्या दिवशी, त्यांचा स्वतःचा सामना ०-० असा सुटला, ब्रिस्टल रोव्हर्सने आपल्या सामन्याच्या शेवटच्या क्षणांत गोल केला आणि केवळ गोलफरकावर स्टॅनलीची थेट बढती हुकली. मैदानाबाहेर भेटलेला त्यांचा एक चाहता हे सांगत असताना मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहू शकलो नाही.

पाहुण्यांची उभे राहण्याची जागा उघड्यावर होती. समोर डोंगर दिसत होता आणि मे महिना असूनही तिकडून येणारा वारा अंगाला झोंबत होता. उत्तरार्धात स्टॅनली २-० ने पुढे गेले. आमची आघाडी गेली, आम्हीच एका गोलने मागे पडलो, आणि माझ्या शेजारी घरमालक अगदी गप्प झाले. मग अडेबायो अकिनफेन्वा या धिप्पाड आघाडीवीराने हेडरने गोल केला आणि दोन्ही सामन्यांची मिळून गोलसंख्या २-२ झाली. सामना जादा वेळेत गेला. त्या वेळी अंधार पडून मैदानापलीकडचे डोंगर दिसेनासे झाले होते आणि प्रकाशझोतांत फक्त ते हिरवे चौकोनी मैदान उरले होते. लाइल टेलरने जादा वेळेत चेंडू जाळ्यात धाडला तेव्हा काकडीची सँडविचेस वाटणाऱ्या त्या आजी माझा दंड इतका घट्ट धरून उड्या मारत होत्या की दुसऱ्या दिवशीही तो दुखत होता. उरलेली मिनिटे कशी गेली हे मला खरोखर आठवत नाही. शिट्टी वाजल्यावर आम्ही ओरडलो, रडलो. आणि थोड्या वेळाने कोणीतरी सुरुवात केली म्हणून सगळ्यांनी मैदानातून हळूहळू बाहेर पडणाऱ्या स्टॅनलीच्या लोकांसाठी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी स्टॅनली आपली श्रेणी जिंकून वर आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आमची बस लंडनला पहाटे पोहोचली आणि मी तसाच अंघोळ करून कामावर गेलो.

त्याच महिन्याच्या ३० तारखेला वेम्बलीवर आम्ही प्लिमथला २-० असे हरवून तिसऱ्या श्रेणीत गेलो. टेलरचा गोल आणि अगदी शेवटी अकिनफेन्वाची पेनल्टी. मोठा दिवस होता, पण वेम्बली कोणाचेच घर नाही. मला अजूनही अ‍ॅक्रिंग्टनचा वाराच आठवतो.

या आठवणींत एक सल आहे आणि तो नोंदवला पाहिजे. किंग्जमेडो मैदान १९८९ मध्ये किंग्स्टोनियन या स्थानिक क्लबसाठी उभे राहिले होते. पुढे मालकी एएफसी विम्बल्डनकडे आली आणि किंग्स्टोनियन तिथे भाडेकरू म्हणून खेळू लागला. आमच्या क्लबने प्लाऊ लेनच्या नव्या मैदानासाठी पैसा उभा करताना किंग्जमेडो चेल्सीला विकले आणि २०१७ मध्ये किंग्स्टोनियनला ते मैदान सोडून दुसऱ्यांच्या आश्रयाला जावे लागले. विक्रीशिवाय प्लाऊ लेन झाले नसते हे मी जाणतो. तरीही ज्यांनी स्वतः बेघर होण्याचे दुःख भोगले त्यांच्या घरवापसीत दुसऱ्या एका क्लबचे घर गेले, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही. घरमालकांपाशी मी हे बोललो, तेव्हा त्यांनी ते नाकारले नाही.

२०१८ मध्ये मी कोल्हापूरला परतलो. ३ नोव्हेंबर २०२० रोजी नव्या प्लाऊ लेनवर डॉनकास्टर रोव्हर्सविरुद्ध पहिला सामना झाला, तो मी मध्यरात्र उलटून गेल्यावर संगणकाच्या पडद्यावर पाहिला. करोनामुळे आसने पूर्ण रिकामी होती. ज्या चाहत्यांनी कर्जरोखे घेऊन त्या बांधकामासाठी पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली, त्यांच्यापैकी कोणालाही आत जाता आले नाही. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. घरमालकांचा संदेश आला, की त्यांनी घरातली खिडकी उघडी ठेवली होती, पण ऐकू काहीच आले नाही.

मग २०२५ च्या जूनमध्ये कामासाठी आठ दिवस लंडनला जाण्याचा योग आला. मधल्या काळात क्लब पुन्हा चौथ्या श्रेणीत उतरला होता आणि नुकताच, २६ मे रोजी, वेम्बलीवर वॉल्सॉलला १-० असे हरवून परत वर आला होता. हंगाम संपलेला होता, सामना मिळणार नव्हता; तरीही मी पहिल्याच शनिवारी हेडन्स रोडवरच्या त्या दाराशी गेलो. घरमालक तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचे होते. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. दाराला कुलूप लावून त्यांनी घड्याळ पाहिले आणि आम्ही निघालो.

जुन्या मैदानाच्या जागी आता सदनिकांच्या इमारती आहेत आणि त्या संकुलाला रेनॉल्ड्स गेट हे नाव दिले आहे. घरमालक तिथे काठीवर रेलून थांबले. आपण जिथे उभे राहत असू ती जागा साधारण कुठे येते हे त्यांनी काठीने दाखवले. तिथे एका बाल्कनीत कपडे वाळत घातले होते. नंतर आम्ही वँडल नदीचा पूल ओलांडला. पाहायला ही नदी आमच्या जयंती नाल्याएवढीच, पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिला पूर आला, पाणी मैदानात शिरले आणि खेळपट्टीचा एक भाग खचून मोठा खड्डा पडला. न्यूकॅसलविरुद्धचा लीग कपचा सामना त्यामुळे न्यूकॅसललाच खेळवावा लागला. चाहते फावडी आणि झाडू घेऊन चिखल काढायला गेले होते. पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाला त्या छायाचित्रांतला तपकिरी गाळ ओळखीचा वाटला होता.

पुलापलीकडे, जिथे २०१७ पर्यंत कुत्र्यांच्या शर्यतींचे मैदान होते, तिथे नवे प्लाऊ लेन उभे आहे. सुमारे नऊ हजार आसनांचे, आजूबाजूच्या इमारतींमध्ये इतके बसलेले की वळण घेईपर्यंत दिसत नाही. दुकान उघडे होते. मी निळा-पिवळा मफलर घेतला. आत जाता आले नाही, पण एका फाटकाच्या गजांमधून गवताचा तुकडा दिसत होता आणि त्यावर पाण्याचा फवारा फिरत होता. घरमालकांनी गजांतून हात घालून आपले आसन कोणत्या बाजूला आहे ते मला दाखवले. नंतर त्यांनी मनगट वर केले आणि मला घड्याळ वाचायला सांगितले, कारण चष्मा घरी राहिला होता. घरातून निघाल्याला, रेनॉल्ड्स गेटजवळ थांबलो तो वेळ धरून, सव्वीस मिनिटे झाली होती.