डोक्यातला हिशेब कागदावर

मराठी घरातल्या कर्त्या पुरुषाचं कौतुक ठरलेलं असतं: "ह्यांनी पैशाचं कधी काही बघू दिलं नाही हो." याचा दुसरा अर्थ असा, की ठेव कोणत्या पतसंस्थेत आहे आणि विम्याचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो, हे त्या घरात एकालाच ठाऊक असतं. तो गेला की तेराव्यानंतर बाकीचे दिवाणातल्या पिशव्या उपसत बसतात.

चाळिशी गाठलेल्या पुरुषाने एक रविवार मोडावा आणि शंभर पानी वही घ्यावी. डाव्या पानावर येणं, उजव्या पानावर देणं. बँकेची शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, पॉलिसी क्रमांक, हप्त्याचा महिना, नॉमिनी कोण. पासवर्ड आणि पिन या वहीत लिहायचे नाहीत.

सुरुवात उजव्या पानापासून करा, कारण लपलेलं असतं ते तिथेच. गृहकर्ज बायकोला माहीत असतं. मित्राच्या कर्जाला पतसंस्थेत जामीन राहिलोय, हे मात्र बहुतेक घरांत सांगितलेलं नसतं. जामीनदार वारला म्हणून आधीच दिलेल्या कर्जाचा जामीन सुटत नाही. वसुली त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून होऊ शकते. वारसांना स्वतःच्या खिशातून भरावं लागत नाही, वाट्याला आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. पण हे ठाऊक नसलेली बाई नोटीस हातात पडताच दागिने काढून देते. भिशीतले पैसे आणि हातउसने दिलेले-घेतलेलेही आपापल्या पानावर लिहा, तारखेसकट.

आता नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज फार पक्का आहे आणि बँकेच्या ठेवींबाबत तो चुकीचा आहे. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते, हक्क वारसांचा राहतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आयुर्विम्यात मात्र आई-वडील, पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर रक्कम त्यांचीच. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात.

नॉमिनीचा रकाना भरलाय एवढ्यावर थांबू नका, त्यातलं नाव अक्षर न् अक्षर वाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहे. पॉलिसीत सासरचं नाव, आधारवर माहेरचं, पॅनवर तिसरंच, अशी बाई दाव्याचा अर्ज घेऊन खिडकीपाशी उभी राहिली की "या दोघी एकच कशावरून?" हा पहिला प्रश्न येतो. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद वहीसोबत असली की हा प्रश्न सुटतो. ही कामं तुम्ही आहात तोवर सोपी आहेत.

प्रॉव्हिडंट फंडाचा खाचखळगा वेगळा. नोकरी लागली तेव्हा कुटुंबाबाहेरच्या कुणाचं, समजा मित्राचं किंवा भावाचं, नाव दिलं असेल, तर लग्न होताच ते नामनिर्देशन आपोआप बाद होतं. नवं भरावं लागतं. यूएएनच्या, म्हणजे फंडाच्या सभासद क्रमांकाच्या, पोर्टलवर ई-नॉमिनेशन करून आधार ओटीपीने सही झाली तरच ते पूर्ण. अर्धवट जतन करून सोडलेलं धरत नाहीत. याच फंडासोबत एक विमाही असतो: नोकरीत असताना सभासद वारला तर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत मिळतात. पगारातून त्याचा हप्ता कापला जात नसल्याने त्याची कुणाला आठवणच नसते.

असंच पासबुकातल्या दोन बारक्या नोंदींचं. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये आणि २० रुपये वजा झालेले दिसले, तर पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा चालू आहे. पहिला कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख देतो, दुसरा मृत्यू अपघाती असेल तरच २ लाख. दावा कुणी केला नाही तर बँक स्वतःहून घरी येऊन पैसे देणार नाही. त्या दोन ओळींखाली पेन्सिलने रेघ मारा.

मृत्युपत्राचं नाव काढलं की "अजून कशाला अभद्र बोलता" म्हणून विषय बंद होतो. पण ते नसेल तर काय होतं बघा. हिंदू पुरुषाने स्वतः घेतलेल्या फ्लॅटचे आई, बायको आणि प्रत्येक मूल असे समान हिस्से पडतात. वडील वारसांच्या पहिल्या वर्गात नाहीत, म्हणजे हे वारस असताना त्यांना हिस्सा नाही. बायको, दोन मुलं आणि आई असतील तर बायकोचा हिस्सा एक चतुर्थांश. मुलं अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, असतील तर त्यांच्या हिश्शापुरता फ्लॅट विकायला तिला न्यायालयाची परवानगी लागते. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, केलेली बरी. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार वयाने तुमच्यापेक्षा लहान घ्या, आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार आहे तो घेऊ नका. तारीख आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य विसरू नका. वडिलोपार्जित जमिनीतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो.

गावी सातबारा असेल तर वारस नोंद मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यायची असते, हेही वहीत लिहा. सोसायटीचा नामनिर्देशनाचा अर्ज तीन प्रतींत भरून पोच घ्या.

राहिला मोबाइल. घरचे पहिल्याच महिन्यात त्याचं सिम बंद करतात आणि सगळे ओटीपी त्या नंबरासोबत जातात. दावे निकाली निघेपर्यंत रिचार्ज चालू ठेवा असं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. मात्र मृत माणसाच्या एटीएम कार्डाने किंवा यूपीआयने पैसे काढू नका, हेही खाली लिहा. नंतर वारसांत तेच भांडणाचं मूळ होतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची आणि दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढायच्या.

वही पूर्ण झाली की बायकोला शेजारी बसवून तिच्याकडूनच एक हप्ता भरून घ्या, तिच्या हाताने, तुमच्या सूचनांशिवाय. जिथे अडेल तिथे वहीत एक ओळ कमी आहे. आणि मृत्युपत्र तुमच्या एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. ते मिळायच्या आधीच तो लॉकर उघडण्यासाठी घरच्यांना बँकेत खेटे घालावे लागतील.